अर्ध्या पावलाचा वळसा

महिनाभरापासून सकाळी नळाचं पाणी हाताला चावायला लागलं आहे. रस्त्यानं कापसाचे ट्रॅक्टर जातात आणि कडेच्या बाभळींवर पांढरे पुंजके अडकवून ठेवतात. तुरीला पिवळा फुलोरा आलाय. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत म्हातारी माणसं उन्हाच्या पट्ट्याप्रमाणं खुर्च्या सरकवत बसतात. सगळ्यांना हा मोसम आवडतो. मी मात्र या दिवसांत शाळाशाळांतून फिरतो, कारण याच दिवसांत त्यांच्या फळ्यांवर जिल्हा क्रीडा स्पर्धांची नोटीस लागते. कबड्डी, खो-खो, धावणे, आणि खाली कुठंतरी कराटे. मी फळ्यापाशी उभा राहून तो शब्द बोटानं शोधतो. अजून आहे ना, की काढला?

ज्या माणसानं वीस वर्षं 'कराटे हा खेळ नाही, त्याला स्पर्धेत नेऊ नका' असं छातीठोकपणे सांगितलं, त्यानं हा शब्द शोधत फिरावं! बायको म्हणते, "सुंभ जळला, पीळबी गेला, आता तरी बरं वाटते का?"

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. संध्याकाळी कराटे. वर्ग भरायचा तो एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या टिनाच्या शेडमध्ये. पूर्वी तिथं कापसाची पोती रचत. मालकानं 'वापरा, पण कुलूप लावत जा' एवढ्या अटीवर जागा दिली होती. खाली सिमेंटची फरशी, वर टिन, आणि बरोब्बर मधोमध एक लोखंडी खांब. मनगटं टेकवून टेकवून पोरांनी तो छातीच्या उंचीवर गुळगुळीत केला होता. हिवाळ्यात त्याला हात लागला की अंगावर काटा यायचा.

कराट्यात काता असतो. समोर कुणी नसताना करायची लढाई. पावलं ठरलेली, वळणं ठरलेली, कुठं ओरडायचं तेही ठरलेलं. जिथून सुरुवात केली तिथंच येऊन संपवायचं. सुरुवातीला वाकायचं, शेवटी वाकायचं. नागपूरला ज्यांच्याकडं मी शिकलो ते माझे गुरुजी म्हणायचे, काता असा करावा की बघणाऱ्याला समोर नसलेला माणूस दिसला पाहिजे. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते माझ्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलं की ती माझ्या पाठीमागं माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवायची.

आमच्या शेडमध्ये एका कात्यात पुढं जाताना तिसऱ्या पावलाला तो खांब आडवा यायचा. मग मी एक तोड काढली. तिसरं पाऊल सरळ न टाकता डावा पाय अर्धं पाऊल बाहेरून आणायचा, खांब उजव्या खांद्याला ठेवायचा आणि पुढं निघायचं. नदीनं दगडाला वळसा घालावा, तसं. पाहायला इतकं सुंदर दिसायचं की मीच त्याच्या प्रेमात पडलो. पोरं हे पाऊल कात्याचंच समजून शिकली. मी कधी सांगितलंच नाही की हे पाऊल कात्याचं नाही, खांबाचं आहे.

स्पर्धांबद्दल माझी मतं ठाम होती. ठाम म्हणजे काय, मी ती कुणी विचारली नाही तरी सांगायचो. जपानातल्या बेटावर माणसांनी अंगणात जपलेली ही विद्या. तिला झेंड्यांनी मोजायचं कसं? कबड्डीत गडी बाद होतो ते दिसतं, धावण्यात छाती फितीला लागते ते दिसतं. कात्यात काय दिसतं? पाच पंचांना वाटतं ते; ज्याचा काता आवडला त्याच्या पट्ट्याच्या रंगाचा झेंडा वर. आणि एकदा मोजणाऱ्याला आवडावं म्हणून करायला लागलं, की पोरं चेहरे करायला लागतात, ओरडणं लांबवतात, वाकण्याची घाई करतात. माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आजही त्यातलं निम्मं मला खरं वाटतं. पण खरं बोलणं आणि खऱ्याच्या आड लपणं यात फरक असतो, हे मला फार उशिरा कळलं.

मग टोकियोचं ऑलिम्पिक आलं आणि त्यात कराटे आलं. आणि येताना हेही ठरलेलं होतं की पुढच्या खेपेला ते नसणार. यजमानानं कौतुकानं पंगतीत बसवलं, पुढच्या यजमानानं पान मांडलं नाही. मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. म्हटलं, बघा, मी सांगत होतो.

आचल तेव्हा अकरावीला होती. वडनेरची पोरगी. घरी भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांभार. बाहेरच्यांनी सांबार समजू नये, आमच्याकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात. हिंगणघाटच्या बाजारात माल जायचा. शिकायला ती सिंदी मेघेला मावशीकडं राहायची. उंच, हडकुळी, बोलायला तिखट. तिनं मोबाइलवर त्या ऑलिम्पिकमधला एका परदेशी बाईचा काता मला दाखवला. मी तोंड वाकडं केलं.

"सर, इतकी मोठी बाई हे करून राह्यली, साऱ्या दुनियेनं पाह्यलं. यात वाईट काय हाये?"

"वाईट काई नाई. पण ते दाखवणं झालं, करणं नाई."

"अन् आपण शेडमंदी करतो ते कोण पाह्यते?"

"कोणी नाई पाह्यत, म्हणून तं ते खरं."

तिनं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाली, "सर, तुमाले कोणी नाई पाह्यलं तं चालते. तुमची नोकरी हाये. मले कोणी पाह्यलं नाई तं मी मळ्यात जातो."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण ऐकून घेतलं. कोरोनानंतर शाळांच्या स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ती बारावीला होती. तिनं माझ्यापुढं फॉर्म ठेवला आणि मी सही केली. उपकार केल्यासारखी केली, तेही खरं.

तो हिवाळा मला अजून अंगावर आठवतो. शेडमध्ये पाय टाकला की फरशी तळव्यांना झोंबायची. पहिल्या दहा मिनिटांत पोरांच्या तोंडून वाफा निघायच्या. कापसाची बारीक लव हवेत तरंगायची आणि घामाच्या मानेला चिकटायची. आचल सगळ्यांच्या आधी येऊन झाडायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. कात्याच्या वळणाला तिचा पाय फरशीवरून घासत यायचा. तो आवाज मी डोळे मिटूनही ओळखला असता.

एका संध्याकाळी तिचे वडील आले. गजाननभाऊ. हिंगणघाटला माल टाकून तसेच इकडं आलेले, डोक्याला रुमाल, हातात थैली. थैलीत माझ्यासाठी मेथीच्या दोन जुड्या. चपला दाराबाहेर काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आत येऊन खांबापाशी खाली बसले. मी खुर्ची देऊ केली तर म्हणाले, "राहू द्या, खालीच बरं हाये." पाऊण तास पोरीकडं बघत बसले. ती पुन्हा पुन्हा तोच काता करत होती.

मग मला विचारलं, "सर, एक इचारू? गावात एक जण म्हणे, हा खेळ ऑलिम्पिकमंदून काढून टाकला. खरं हाये का?"

"खरं आहे."

"मंग ज्या खेळाले मोठ्या पंगतीत कोणी बसवत नाई, त्यात पोरगी काऊन गुतवू मी? घरी मजूर भेटत नाई. तिच्या मायचे गुडघे गेले. बारावी झाली का तिले घरी नेतो म्हणलं. पोरगी म्हणते, मले वर्ध्यातच राहू द्या, खेळातलं कॉलेज करतो, पोलिसात जातो. तुमी सांगा. याच्यात तिचं काई होईन का?"

साधा प्रश्न होता. पोरीत दम आहे, एवढंच सांगायचं होतं. आशियाई स्पर्धांत कराटे अजून आहे, शाळेच्या स्पर्धांत आहे, हेही सांगता आलं असतं. मी काय सांगितलं? "भाऊ, हा खेळ नाईच. ही साधना आहे. यात काय भेटते ते मोजून नाई दाखवता येत." पाठीमागं पाय घासण्याचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं नाही.

गजाननभाऊ उठले. थोडा वेळ रुमाल झटकत राहिले. मग पोरीला म्हणाले, "राज्यावर निवडल्या गेली तं ठेवतो तुले इथं. नाई तं घरी. माहा शब्द हाये." आणि मला, "येतो सर." तेव्हापासून त्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य एका निवडीवर येऊन बसलं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

जिल्ह्याला ती पहिली आली. पण तिथले एक पंच, पोक्त माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी भारी आहे. पण तिसऱ्या पावलाला जरा बाहेर जाते. इथं खपून गेलं, नागपूरला विभागीय स्पर्धेत नाही खपणार. सरळ करून घ्या." मी मान हलवली. मला कारण माहीत होतं, सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आचलच म्हणाली, "सर, पंधरा दिवस शाळेच्या मैदानावर घेऊ ना प्रॅक्टिस. मोकळं हाये. इथं खांब आडवा येते."

"आजवर नाई आला काऊन?"

"आजवर नागपूर नव्हतं."

मला राग आला. कशाचा, हे आता सांगता येतं. पंचाच्या सांगण्यावरून माझ्या शेडमधलं माझं पाऊल बदलायचं, हे मला सोसत नव्हतं. मी म्हणालो, "काता जसा शिकली तसाच करायचा. एक पाऊल बदललं का काता मेला. ध्यानात ठेवजो." ती वाकली आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. पंधरा दिवस. रोज तोच वळसा. ती घरी गेल्यावर मावशीच्या गच्चीवर सरळ पाऊल टाकून पाहायची, हे मला नंतर कळलं. म्हणजे संध्याकाळी माझ्यापुढं वाकडं आणि घरी सरळ. त्या पायानं ऐकायचं कुणाचं?

नागपूरचा हॉल. खाली मऊ मॅट, वर पांढरे दिवे, कुठंच काही आडवं नाही. आम्हाला ती मोकळी जागाच अंगावर आल्यासारखी वाटली. गजाननभाऊ वडनेरहून सकाळच्या पहिल्या एसटीनं आले होते. पायऱ्यांवर अगदी वर, एकटेच बसले. आचल फेऱ्यांमागून फेऱ्या काढत शेवटच्या फेरीत पोचली. ही जिंकली की राज्य. दुसरी पोरगी निळ्या पट्ट्यात. तिनं आधी काता केला, स्वच्छ, चुकीला जागा नाही. मग आचल. लाल पट्टा.

ती वाकली. कात्याचं नाव सांगितलं, आवाज खणखणीत. पहिलं वळण, दुसरं वळण. अख्ख्या हॉलमध्ये तिच्या कपड्याचा फटकारा तेवढा ऐकू येत होता. पुढची चाल सुरू झाली. एक पाऊल. दोन पावलं. तिसऱ्याला तिचा डावा पाय सरळ निघाला, मला दिसलं, सरळ निघाला होता, आणि अधांतरीच जणू कुणी हटकल्यासारखा बाहेर वळला. अर्धं पाऊल. समोर काहीच नव्हतं. ती वळसा घालून पुढं गेली, शेवटपर्यंत गेली, सुंदर केलं पुढचं सगळं. पण संपली ती सुरुवातीच्या जागेपासून हातभर बाजूला.

शिट्टी. झेंडे वर. तीन निळे, दोन लाल.

ती वाकली. दुसऱ्या पोरीशी हात मिळवला. मॅटवरून पाठ न दाखवता मागं सरकत बाहेर आली, जसं मी शिकवलं होतं. रडली नाही.

बाहेर पायऱ्यांवर गजाननभाऊ उभे होते. आचल माझ्या मागं दोन पावलांवर. त्यांनी तिच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "काऊन हरली, सर?"

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला. "घाबरली ती. ऐन वेळेले."

इतकंच बोललो. आचलनं वर पाहिलं, एकदाच. गजाननभाऊ माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." बारावीची परीक्षा झाली आणि ते तिला घेऊन गेले.

त्यानंतर मी शेड सोडली. वर्ग शाळेच्या मैदानावर नेला. स्पर्धांना जायला लागलो, पंचांची परीक्षा दिली, हातात लाल-निळे झेंडे घेतले. लोकांना वाटलं, सरांचं मतपरिवर्तन झालं. मतपरिवर्तन कसलं? ती विद्या ऑलिम्पिकमध्ये बसते की नाही, हा प्रश्न मी वीस वर्षं चघळला, आणि एक पोरगी समोर उभी राहून विचारत होती की मी कुठं बसते, ते मला ऐकू आलं नाही. आता वाटतं, बसवा. जिथं जागा मिळेल तिथं बसवा. काढलं तर पुन्हा मागा. त्यात काही बिघडेल, पुष्कळ बिघडेल, पण वडनेरच्या पोरीला घरातून बाहेर काढायला कात्याच्या पावित्र्याचा उपयोग होत नाही. तिथं सर्टिफिकेट लागतं.

कधी कधी दुसराही एक विचार येतो. त्या बेटावरच्या कुणा म्हाताऱ्या गुरूच्या अंगणातही एखादं झाड असेल. त्याला वळसा घालणारं पाऊल त्याच्या शिष्यांनी उचललं असेल, आणि आज जगभरची पोरं ते परंपरा म्हणून घोकत असतील, झाड कधीच पडून गेलं तरी. हा विचार मला आधी गोड वाटायचा. मागच्या आठवड्यापासून वाटत नाही.

मागच्या आठवड्यात इथं वर्ध्यात जिल्हा स्पर्धा झाली. पाच पंचांत मी एक. धाकट्या वयोगटात वडनेरच्या शाळेची एक पोरगी लाल पट्ट्यात आली, तेरा-चौदा वर्षांची, केस तेलानं चापून बसवलेले. वाकली. काता तोच. मी सावरून बसलो. एक पाऊल, दोन पावलं, आणि तिसऱ्याला तिचा डावा पाय अर्धं पाऊल बाहेरून आला. अडखळून नव्हे; शिकवलेला, घोटलेला, सुंदर. माझ्या उजव्या खांद्याला गार लोखंड लागल्यासारखं झालं.

शिट्टी वाजली. नियम मला पाठ आहेत. माझा निळा झेंडा वर गेला. बाकीच्यांचेही गेले. ती पोरगी वाकली आणि पाठ न दाखवता मागं सरकत मॅटबाहेर गेली.

माझी पाळी संपल्यावर मी बाहेर आलो. मैदानाच्या कडेला भाजीची छोटी गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या उघड्या फाळक्यावर पाच-सहा पोरी पाय हलवत बसल्या होत्या. आचल त्यांना कागदावर चिवडा वाटत होती. अंगानं भरली आहे आता, हात मळ्यातल्यासारखे राकट झालेत. मला पाहून वाकली, जुन्या सवयीनं.

"तू शिकवतेस?"

"हो सर. समाजमंदिरात. सकाळी तोडणी झाली का."

"तिथं खांब आहे मधी?"

"नाई ना. मोकळंच हाये सारं."

"मग ते पाऊल काऊन शिकवलं तसं?"

ती माझ्याकडं सरळ पाहत म्हणाली, "तुमीच म्हणले होते ना सर. एक पाऊल बदललं का काता मेला." तो टोमणा होता की श्रद्धा, मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, "सरळ कर ते. ते पाऊल कात्याचं नाई, माझ्या शेडचं आहे. चूक माझी आहे." तिनं मान हलवली आणि पोरींकडं गेली.

गजाननभाऊ गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. मी त्यांच्यापाशी गेलो. इतकी वर्षं मूग गिळून बसलेला माणूस बोलायला लागला की शब्द नीट येत नाहीत. कसंबसं म्हणालो, "भाऊ, त्या वर्षी नागपूरले आचल घाबरली नव्हती. माझ्या शेडमधल्या खांबामुळं..."

"मले मालूम हाये."

त्यांनी मला मधेच तोडलं.

"तुमच्या शेडमंदी आलतो नं मी. त्याच खांबाले टेकून बसलो होतो. माह्या बाजूनंच वळसा देऊन जाये पोरगी. नागपुरात तिचा पाय तसाच वळला, तवा मले वाटलं, मीच बसलो हावो तिथं मधी." ते जमिनीवर बोटानं काहीतरी ओढत होते. "म्हणून तं इचारलं तुमाले, काऊन हरली."

"मग, मालूम होतं तर घरी काऊन नेलं तिले?"

गजाननभाऊंनी पहिल्यांदा वर पाहिलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मास्तरच म्हणे, घाबरली. मंग कोणाच्या भरोशावर ठेवू तिले इथं?"

पोरी गाडीत चढल्या. आचलनं चिवड्याचा एक कागद माझ्या हातात आणून दिला, "घ्या सर" म्हणाली, आणि फाळका लावला. गाडी फाटकातून बाहेर पडून हिंगणघाटच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तो कागद तसाच धरून उभा होतो.